भाडेकरूची वीज तोडा म्हणणाऱ्यांना उत्तर

सीवूड्सकर:
घणसोलीच्या एका ताईंनी काल लिहिलं की वन बीएचकेचा करार संपलाय, भाडेकरू ७ महिने भाडं देत नाही, कोर्टात नुसत्या तारखा पडतायत. इथवर सहानुभूती आहे. पण शेवटी लिहिलं, "मालकांनो, कोर्टाच्या नादी लागू नका. वीज तोडा, कुलूप बदला, गपचूप निघून जातात." त्यावर शाबासकीचा पाऊस. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात याच दुखण्यावर औषध आहे. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपली की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठीच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरतात. वर मुदत संपल्यापासून करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. हे सोडून कुलूप फोडायला जाल तर पोलिसांत तक्रार तुमच्यावरच होईल. पाणी-वीज तोडायला तर कलम २९ ची मनाई आहे.

घणसोलीची मालकीण:
कलमं मलाही वकिलाने ऐकवली. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याने भाडेकरू नसतोच, मग कलम २९ त्याला कसं लागू? आणि माझा हप्ता कोण भरणार? दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून पैसे जातात. मिस्टर गेल्यापासून तेच एक उत्पन्न होतं.

सीवूड्सकर:
२९ चा मुद्दा मान्य, तिथे मी घाईत लिहिलं. कुलपाचा मुद्दा मात्र सोडत नाही. ताई, करार रजिस्टर केला होता का?

नववं घर:
मालकांचं रडगाणं झालं असेल तर भाडेकरूचंही ऐका. कोपरखैरण्यात ३ वर्षं राहिलो, एक भाडं चुकवलं नाही. घर सोडताना मालक मोबाईलचा टॉर्च घेऊन भिंतीभिंतीवर फिरला. खिळ्यांची १४ भोकं मोजली, त्यातली ९ आमच्या आधीची. ७५ हजारांच्या डिपॉझिटमधून २२ हजार रंगाचे कापले, बिल मागितलं तर "आता रंगारी कुठे बिल देतात" म्हणाला. नव्या भाडेकरूला तीच भिंत, तोच रंग. म्हणून लोक शेवटचे ३ महिने भाडं देत नाहीत, डिपॉझिटमध्ये वळतं करा म्हणतात. ही सवय मालकांनीच लावली.

वर्तकनगर:
काहीही! शेवटचे ३ महिने फुकट राहायचं आणि जाताना लाइटबिल, सोसायटीचा मेंटेनन्स थकवून जायचं, तो कशातून वसूल करायचा? माझ्याकडच्या कुटुंबाने ओट्यावरच्या टाइल्सवर तेलाचा असा थर चढवला होता की सुरीने खरवडावा लागला. माझी बायको २ दिवस उकिडवी बसून घासत होती.

नववं घर:
मग टाइल्सचे पैसे घ्या ना काका. ३ वर्षांत भिंतीचा रंग विटणारच, तो आमच्याकडून कशाला?

वर्तकनगर:
करारात लिहिलेलं असतं. सही करताना वाचत जा.

नववं घर:
वाचून "हे कलम काढा" म्हटलं तर एजंट म्हणतो, दुसरी पार्टी तयार आहे. सामान टेम्पोत असताना माणूस काय करणार?

नौपाडा:
तुमचं निदान बाजारभावाने तरी चालतं. आजोबांच्या इमारतीत पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारे जुने भाडेकरू, एकाचं भाडं महिना ११० रुपये. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ, म्हणजे ४ रुपये ४० पैसे. गच्ची गळते म्हणून तेच लोक आम्हाला नोटीस पाठवतात. यावर कोणी लिहीत नाही.

सीवूड्सकर:
पागडीसाठी वेगळा धागा काढा हो, इथे हात जोडतो. ताई, रजिस्ट्रेशन?

घणसोलीची मालकीण:
नव्हतं केलं. एजंट म्हणाला, स्टॅम्पपेपरवर नोटरी पुरे, सगळे तसंच करतात. आता भाडेकरू कोर्टात सांगतो की डिपॉझिट ३ लाख दिलं आणि तोंडी ३ वर्षं ठरली होती. दिले होते ५० हजार, तेही रोख.

सीवूड्सकर:
तिथेच घोडं अडलंय. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. ११ महिन्यांचा असला तरी. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. मालकाला शिक्षा आहे ती वेगळीच. हल्ली करार नोंदवायला अंगठ्याचा ठसा घेणारा थम्बवाला मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. तेवढ्यासाठी घर अडकलं.

वर्तकनगर:
नवऱ्यामागे एकटी बाई व्यवहार बघते, तिला शिकवू नका. रजिस्टर करार असूनही ताबा मिळेपर्यंत माझी १४ महिने चप्पल झिजली. निकाल हातात पडल्यावरही.

सीवूड्सकर:
१४ महिने लागले असतील, नाही म्हणत नाही. पण शेवटी घर मिळालं ना?

घणसोलीची मालकीण:
नोटरीची चूक माझीच, ती कबूल करते. डिपॉझिटचे ५० हजार मी त्याच दिवशी बँकेत भरले होते, ती स्लिप शोधून वकिलाला देते. वीज तोडा लिहिलं ते संतापात. मीटर अजून माझ्या नावावर आहे, बिलही मीच भरतेय. तोडायला वायरमनला बोलावलं होतं. तो शिडी लावत होता तेव्हा त्यांची मुलगी दारात पुस्तक घेऊन उभी राहिली. दहावीला आहे. परत पाठवला त्याला.