१९२८: प्रचार युद्धनौकेच्या विरोधात, मंजुरी युद्धनौकेला?

निशाचर:
वायमार जर्मनीबद्दल (पहिल्या महायुद्धानंतरचं जर्मन प्रजासत्ताक) वाचताना एका जागी अडलोय. मे १९२८च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट 'युद्धनौका नको, मुलांना जेवण द्या' म्हणत लढले, सर्वांत मोठा पक्ष ठरले, हेर्मान म्युलर चान्सलर झाले. आणि १० ऑगस्टला त्यांच्याच मंत्रिमंडळाने 'पांत्सरशिफ ए' ही युद्धनौका बांधायला मंजुरी दिली! हे निव्वळ घूमजाव, की आत काही वेगळं शिजत होतं?

टवाळ_पोर:
खुर्ची मिळाली की सगळे सारखेच. पुढचा धागा.

शिडाची_होडी:
इतकं सोपं नाही हो. पहिल्या हप्त्याचे पैसे आधीच्या सरकारच्या काळात, मार्चमध्येच राइशटागने, म्हणजे संसदेने, मंजूर केले होते. राज्यांच्या सभागृहाने फक्त १ सप्टेंबरपर्यंत काम सुरू करू नका, एवढं पदरात पाडून घेतलं. म्हणजे म्युलर आले तेव्हा ताट वाढलेलंच होतं. त्यात संरक्षणमंत्री ग्रोएनर राजीनाम्याची भाषा बोलत होते आणि त्यांच्या पाठीशी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग. नौका अडवली तर सरकार जाणार, सोडली तर पक्ष पेटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

खरी गंमत नोव्हेंबरची. पक्षानेच बांधकाम थांबवण्याचा ठराव आणला आणि म्युलरसह पक्षाच्या सगळ्या मंत्र्यांनी स्वतःच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मत दिलं! ठराव पडला, तो बाकीच्या पक्षांच्या मतांनी. चान्सलर हरले म्हणून त्यांचं सरकार वाचलं.

निशाचर:
भन्नाट! पण एका नौकेसाठी नौदल इतकं का अडून बसलं?

शिडाची_होडी:
व्हर्सायच्या तहानुसार जुन्या युद्धनौकेच्या बदली नवी बांधायची तर १०,००० टनांच्या आत. जिंकलेल्यांचा हिशेब असा, की एवढ्यात किनारा राखणारं एखादं संथ धूड होईल, बस्स. पण नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२च्या वॉशिंग्टन करारात जर्मनी नव्हता, त्यामुळे क्रूझरवरची ८ इंची तोफांची मर्यादा त्याला लागू नव्हती. त्यांनी २८ सेंमीच्या सहा तोफा बसवल्या, डिझेल इंजिनं घातली, वजन वाचवायला रिव्हेटऐवजी भरपूर वेल्डिंग केलं. तरी वजन मर्यादेबाहेर गेलंच, कागदावर मात्र १०,०००. माझ्या टेबलावर तिचं मॉडेल अर्धवट पडलंय. पुढे एक, मागे एक असे दोनच तोफबुरूज, आणि एवढ्याशा अंगावर ते भलतेच अवजड दिसतात.

मे १९३१मध्ये कीलला जलावतरण झालं तेव्हा नवे चान्सलर ब्र्यूनिंग यांचं भाषण संपायच्या आतच बाईसाहेब पाण्याकडे निघाल्या. नाव 'डॉइचलांड'. फ्रान्सने उत्तर म्हणून 'डंकर्क' ही युद्धनौका बांधायला घेतली.

टवाळ_पोर:
आणि दुसऱ्या नौकेच्या वेळी?

शिडाची_होडी:
मार्च १९३१. सोशल डेमोक्रॅट पक्ष तटस्थ राहिला, ब्र्यूनिंग सरकार पडू नये म्हणून. नऊ खासदारांनी मात्र पक्षादेश झुगारून विरोधात मत दिलं.