मदत हवी आहे: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या जुन्या घरासाठी परवडणारे प्रीपेड इंटरनेट

कुळागरकन्या

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण घराची परिस्थिती सांगितल्याशिवाय कोणी काय सल्ला देणार?

आईबाबा वाळपईपासून आठ-नऊ किलोमीटर आत राहतात. घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, मागे कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग आणि त्यामागे लगेच डोंगर. मी पणजीला असते, भाऊ पुण्याला. वर्षाचे नऊ-दहा महिने घरात दोनच माणसे. बाबा सकाळी मोबाइलवर पेपर वाचतात, दुपारी भजने ऐकतात. आईचा नातवाशी रात्रीचा व्हिडिओ कॉल. एवढाच काय तो वापर. पण मे महिन्यात आणि चतुर्थीला त्याच घरात चौदा माणसे, त्यांतली पाच मुले. भाऊ लॅपटॉप घेऊन वसरीवर बसतो, कारण त्याची रजा फक्त चवथ-पंचमीची, पुढचे दिवस 'घरून काम'.

म्हणून मला प्रीपेड हवे आहे. गरज असेल तेव्हा वेग वाढवता यावा, नसेल तेव्हा अगदी स्वस्तात चालावे, आणि महिनाअखेर बाबांच्या नावाने बिल येऊन पडू नये. बिल आले की ते भरायला बाबा स्वतः वाळपईला जातात. मोबाइलवरून भरता येते हे त्यांना मान्य नाही.

बजेट महिन्याला पाचशे, करासकट. हे मुद्दाम सांगते, कारण जाहिरातीतले ३९९ हे १८ टक्के जीएसटी धरून ४७१ होतात, आणि ४९९ चे होतात ५८९. पाचशेच्या आतले म्हणून जे वाटते ते नेमके पाचशेच्या बाहेर जाते.

आतापर्यंत काय काय करून पाहिले ते सांगते.

मोबाइलचा हॉटस्पॉट: रेंज फक्त माजघराच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात. फोन तिथे ठेवायचा आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा घरात कायदा आहे. रोजचे दोन जीबी मुले दुपारच्या जेवणाआधी संपवतात.

मोठ्या कंपनीचे फायबर: मुख्य रस्त्यापर्यंत आले आहे. तिथून आमचे घर साधारण सहाशे मीटर. 'लवकरच' असे उत्तर मी दीड वर्ष ऐकते आहे.

छपरावर डबा लावून मिळणारे ५जीवाले: माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, कौलांच्या वर खांब उभारला तर मिळेल, नाहीतर डोंगर आड येतो. खांबाचे पैसे वेगळे.

राहिला गावातला केबलवाला. तो महिन्याला चारशे म्हणतो, सहा महिन्यांचे एकदम दिले तर दोन हजार. पावती विचारली तर हसतो. माणूस वाईट नाही, आमचा टीव्ही गेली बारा वर्षे त्याच्याच तारेवर चालतो.

एकदा हात पोळलेत म्हणून विचारते आहे. दोन वर्षांपूर्वी एका सेवेचे वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. जुलैत लाइन गेली ती चाळीस दिवसांनी आली. तक्रार केली की 'नोंदवली आहे' असा मेसेज यायचा. मुदत एका दिवसानेही वाढली नाही.

तर केबलवाल्याचे घ्यावे का? घेतले तर त्याला नेमके काय विचारावे? आणि चिऱ्याच्या भिंतींतून वायफाय चौदा जणांना पुरते का?

सोलकढी

शेजाऱ्याकडे कोणते आहे ते घ्या. गंमत नाही करत. एकाच वाड्यात दोन-तीन घरांची लाइन एकदम गेली की माणूस त्याच दिवशी येतो. एकट्या घरासाठी चार दिवस लागतात.

अंत्रुजकर

ताई, वेग किती हवा ते आधी ठरवा, पैशांचे मग बघू. साधा हिशेब सांगतो. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, एचडी सिनेमाला ५ धरा. चतुर्थीला एकाच वेळी तीन मुले यूट्यूबवर, भाऊ मीटिंगमध्ये, आई कॉलवर असे सगळे झाले तरी २५ च्या आत भागते. म्हणजे ३० एमबीपीएसची योजना पुष्कळ झाली. १०० घ्यायला कोणी लावत असेल तर ऐकू नका. आईबाबा दोघेच असताना १० सुद्धा खूप.

केबलवाला 'ब्रॉडबँड आहे' एवढेच सांगत असेल तर त्यावर जाऊ नका. २०२३ पासून सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँडच. आकडा विचारा, तोही संध्याकाळी आठ ते दहाचा. दुपारी तीनला कोणाचेही नेट पळते.

'अनलिमिटेड' या शब्दाचेही तेच. तारेच्या बऱ्याच योजनांत खाली बारीक अक्षरांत महिन्याला ३३०० जीबीची हद्द असते, ती तुम्हाला आयुष्यात लागणार नाही. हवेतल्या डब्याच्या योजनांत मात्र १००० जीबीची पाहिली आहे. म्हणजे दिवसाला ३३ जीबी. एचडी सिनेमा तासाला सुमारे ३ जीबी खातो, म्हणजे रोज अकरा तास. पाच मुले आणि पावसाचे दिवस, बघा बुवा.

खांबावरचा

मी नऊ वर्षे हेच काम केले, आता सोडले. नाव विचारू नका.

केबलवाल्याला पहिला प्रश्न: काचेची तार घरात येणार की खांबापर्यंतच? पुष्कळ ठिकाणी फायबर खांबावरच्या पेटीत संपते आणि तिथून घरापर्यंत साधी लॅन केबल ओढतात. तुमच्या भागात गडगडाटाचे दिवस म्हणजे मे आणि ऑक्टोबर. लॅन केबल तांब्याची. जवळपास वीज कोसळली की ती झटका थेट घरात आणते. एका वाड्यात एका संध्याकाळी सात राउटर जळालेले मी मोजलेत, दोघांचे टीव्हीही गेले. काचेतून वीज वाहत नाही. तार घरातल्या डब्यापर्यंत (मोडेमपर्यंत) काचेचीच हवी, यावर अडून बसा. (तिच्या बाजूला आधाराची लोखंडी तार असते, ती घराबाहेरच कापायला सांगा, आत आणायची नाही.)

दुसरा प्रश्न: जोडणीच्या दिवशी डब्यापाशी प्रकाशाचे माप किती भरते? त्यांच्याकडे मीटर असतो. उणे २० ते २३ डीबीएम आले तर छान. उणे २७ च्या आसपास आले तर उन्हाळ्यात चालेल आणि पहिल्या पावसात लाल दिवा लुकलुकेल. मीटरचा फोटो काढून ठेवा. पुढे भांडायची वेळ आली तर पावतीपेक्षा तो कामाला येतो.

तिसरा प्रश्न: खांबावरच्या स्विचला (घराघरांत नेट वाटणाऱ्या यंत्राला) बॅटरी आहे का? घरी तुम्ही छोटा यूपीएस लावाल, हजार-दीड हजारात मिळतो, दोन-तीन तास चालतो. पण वीज गेल्यावर त्याचाच स्विच बंद पडत असेल तर तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य. त्याचे खरे उत्तर तो देणार नाही. गावात वीज गेलेली असेल तेव्हा त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारा.

५जीच्या डब्याबद्दल: लोक पावसाला दोष देतात. तुमच्याकडे त्रास पावसाचा कमी, ओल्या पानांचा जास्त. कुळागराच्या आणि डोंगराच्या मधे तो डबा मी तरी लावला नसता.

माकडहाड

वरचे सगळे ठीक, पण सत्तरीत आणखी एक गिऱ्हाईक असते. खेती, म्हणजे माकडे. आमच्या तारेवर सकाळी सात वाजता शाळा भरते. तार फणसाच्या फांदीवरून नेऊ देऊ नका. माडाखालूनही नको, एक चुडत (झावळी) पडले की संपले. खांबापाशी दोन-तीन मीटर तार गुंडाळून जास्तीची ठेवायला सांगा, तुटली तर जोडायला पुरते.

पर्वरीची_पाहुणी

मला प्रीपेडचेच कळत नाही. पैसे आधी देऊन बसलात तर त्याला तुमच्याकडे यायची घाई कशाला? पोस्टपेडमध्ये निदान बिल अडवता येते. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, काहीतरी नियम आहे ना, सेवा बंद पडली की दिवस वाढवून द्यायचे?

अंत्रुजकर

आहे, २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांत. पण तो नीट वाचा. जिल्ह्याच्या पातळीवर सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर प्रीपेडवाल्यांची मुदत वाढवायची, हे मोबाइलसाठी. तारेच्या नेटला हद्द तीन दिवसांची: ताईंच्या दारातली तार खेतीने तोडली आणि तीन दिवसांहून जास्त बंद राहिली तर भरपाई द्यायची, प्रीपेडवाल्यांनाही.

आणि ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत बसत नाही. आधी कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्यायचा, समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वेगळी. या सगळ्याला पावती लागते. म्हणून केबलवाल्याचे हसणे मला पसंत नाही. परवाना त्याचा स्वतःचा नसेल, कोणत्या तरी परवानाधारक कंपनीचा तो भागीदार असेल. त्यात काही गैर नाही, सरकारी कंपनीचे फायबरही बऱ्याच गावांत स्थानिक माणसेच चालवतात. पण मग बिल त्या कंपनीच्या नावाचे हवे. बाबांच्या आधारची प्रत तो घेणार आणि तुम्हाला कागद नाही, हे कसले?

बाकी पाहुणीताईंचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर औषध पोस्टपेड नव्हे. एका वेळी एकाच महिन्याचे भरा. सहा महिन्यांत चारशे वाचतात हे खरे. चाळीस दिवस बंद पडले तर त्याहून जास्त जातात.

कुळागरकन्या

देव बरें करूं सगळ्यांचे. शनिवारी गावी गेले होते, तेव्हा प्रश्न कागदावर लिहूनच नेले. 'खांबावरचा', तुमचा पहिला प्रश्न ऐकून केबलवाल्याने मला विचारले, "बाय, तू खंय काम करता?"

तार काचेचीच आणतो म्हणाला, पण ती शेजारच्या काकांच्या कुळागरातून न्यावी लागेल. काकांचे आणि बाबांचे पाण्याच्या पाटावरून तीन वर्षे बोलणे नाही. आईने परस्पर जाऊन काकींशी बोलून घेतले. ते कसे, हे मला सांगितलेले नाही.

बिल कंपनीच्या नावाने मिळेल, करासकट ४७२, ३० एमबीपीएस. मधे एखादा महिना भरला नाही तर लाइन तशीच राहील का, यावर तो 'राहील राहील' म्हणाला. याचा अर्थ काय घ्यावा?

खांबावरचा

राहणार नाही असा घ्या. दोन-तीन महिने पैसे आले नाहीत की पेटीतली तुमची जागा दुसऱ्याला जाते, डबाही काढून नेतात. बंद ठेवू नका. याहून खालची योजना असेल तर एरवी ती चालवा आणि मे महिन्यात व चतुर्थीला वर चढा. आणि डबा कोणाचा, तुमचा की त्याचा, तेही बिलावर लिहून घ्या.

चिऱ्याच्या भिंतीचे राहिले. दीड फूट जांभ्यातून ५ गिगाहर्ट्झवाला वायफाय जात नाही, २.४ वाला एखादी भिंत ओलांडतो. राउटर राजांगणाच्या बाजूला उंच ठेवा, उघड्या चौकातून चारी खोल्यांना मिळेल. पागोळ्यांपासून लांब मात्र. वसरीवर भावासाठी एक लॅन केबल आतून ओढून टाका, बाजारातले ते रेंज वाढवणारे खेळणे घेऊ नका.

कुळागरकन्या

जोडणी झाली. मीटरवर उणे २१.४, फोटो ठेवला आहे. खालची २९९ ची योजना निघाली, १० एमबीपीएस, कर धरून ३५३. सध्या तीच घेतली. रात्री नऊला तपासले तर ९ मिळाले, आईचा कॉल एकदाही अडकला नाही. यूपीएस पुढच्या आठवड्यात आणते. लॅन केबल भाऊ आल्यावर, आपल्या खर्चाने.

एक शेवटचा प्रश्न. राउटर राजांगणापाशी कोनाड्यात ठेवला आहे. टीव्हीवर, मिक्सरवर असतो तसा आईने त्यावरही क्रोशाचा रुमाल घातला आहे, धूळ बसू नये म्हणून. त्याने रेंज कमी होते का?

खांबावरचा

रेंज नाही कमी होत. तापतो. काढा.

कुळागरकन्या

काढला होता. सकाळी परत घातलेला दिसला, या वेळी झालर असलेला.