इकोव्हिलेजमधली खरी बचत वेगळे गाव वसवण्यात आहे की वाटून वापरण्यात?

रानवाट (धागाकर्ता)

इकोव्हिलेजविषयीची, म्हणजे निसर्गावर कमीत कमी भार टाकून एकत्र राहू पाहणाऱ्या वस्तीविषयीची चर्चा बहुधा मातीच्या भिंती आणि सौर पॅनेल यांच्यापाशीच घुटमळते, आणि तिथे नेमके काय साधते हा प्रश्न बाजूला राहतो. स्कॉटलंडमधील फिंडहॉर्नचे उदाहरण घेऊ. १९६२ मध्ये एका कॅरव्हान तळावरच्या रेताड जमिनीत भाजीपाला लावून ही वस्ती सुरू झाली. पुढे तिथे पवनचक्क्या आल्या, व्हिस्कीच्या कारखान्यांतून मोडीत निघालेल्या प्रचंड लाकडी पिंपांची घरे झाली, आणि १९९५ मध्ये वनस्पती वाढवलेल्या टाक्यांतून सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाही उभी राहिली. या शतकाच्या पहिल्या दशकात रहिवाशांचा पर्यावरणीय पाऊलठसा, म्हणजे त्यांच्या राहणीला लागणारी जमीन आणि पाणी यांचे क्षेत्र, मोजला गेला, तेव्हा तो दरडोई सुमारे २.७ जागतिक हेक्टर (जगातल्या सरासरी उत्पादकतेचे हेक्टर), म्हणजे ब्रिटनच्या सरासरीच्या जवळपास निम्मा भरला.

या घटीत पवनचक्क्यांचा वाटा आहेच. परंतु अन्न आणि मोटारप्रवास यांतली घट फार मोठी आहे, आणि ती कोणत्याही यंत्राने घडवलेली नाही. सामायिक स्वयंपाकघरात शाकाहारी जेवण शिजते आणि कामाची जागा चालत जाण्याच्या अंतरावर असते. वाटून वापरण्याची ही सवय अंगी बाणवायला इकोव्हिलेजइतकी चांगली जागा दुसरी नाही, असे माझे मत आहे.

मोजपट्टी

आकडा मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. अशा वस्तीत राहायला जाणारा माणूस मुळातच कमी मांस खाणारा आणि कमी खरेदी करणारा असण्याची शक्यता मोठी असते. वस्तीमुळे त्याचा ठसा घटला, की कमी ठशाची माणसे वस्तीत गोळा झाली, हे ठरवायचे तर तीच माणसे तिथे जाण्यापूर्वी कशी राहत होती याची नोंद हवी. देशाच्या सरासरीशी तुलना करून ते कळत नाही.

दुसरा आक्षेप अर्थकारणाचा आहे. फिंडहॉर्नमधील मुख्य संस्था अनेक दशके निवासी शिक्षणक्रमांवर चालली, आणि त्यांसाठी जगभरातून लोक येत. पाहुण्याने विमानात जाळलेले इंधन रहिवाशाच्या खात्यात लिहिले जात नाही, हे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. २०२३ मध्ये आर्थिक अडचणींमुळे त्या संस्थेने हे शिक्षणक्रम थांबवले. ज्या वस्तीचे पोट जगाला धडे देण्यावर चालते तिचे अनुकरण सगळ्यांनी केले, तर सगळेच शिक्षक होतील. मग विद्यार्थी कोठून आणायचे?

निळी शाई

मी अशा एका वस्तीत आठ महिने राहिले आहे. तिचे नाव सांगत नाही, कारण पुढची हकिकत तिथल्या लोकांना उणेपणा आणण्यासाठी लिहिलेली नाही. मांजर पाळू द्यावे की नाही, या विषयावर माझ्या डोळ्यांदेखत चार बैठका झाल्या. मांजरे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले खातात, हा एका बाजूचा मुद्दा खरा होता. एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंना सोबत हवी होती, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही तितकाच खरा होता. निर्णय सर्वसहमतीनेच घ्यायचा असल्यामुळे एक गृहस्थ शेवटपर्यंत अडून राहिले, आणि बाईंनी कंटाळून अर्ज मागे घेतला. (मांजर तोवर कोणाच्या तरी पडवीत येऊन राहिलेच होते.)

रानवाट म्हणतात ते वाटून वापरणे फुकट मिळत नाही, हे मला सांगायचे आहे. पाऊलठशाच्या हिशेबात बैठकांचे तास धरले जात नाहीत. ते धरले, तर रात्रपाळी करणाऱ्या किंवा लहान मूल एकटीने सांभाळणाऱ्या माणसाला हे जीवन का झेपत नाही, ते लगेच दिसेल. पुष्कळ वस्त्या आता नेदरलँड्समध्ये रुजलेल्या सोशिओक्रसी या पद्धतीकडे वळल्या आहेत. तिच्यात प्रत्येकाला निर्णय आवडलाच पाहिजे असे नसते, तर सकारण हरकत उरली नाही की प्रस्ताव पुढे जातो. त्या चार बैठकांत ही पद्धत असती, तर अडलेल्या गृहस्थांना निदान हरकतीचे कारण तरी स्पष्ट मांडावे लागले असते.

रानवाट

निवडक माणसांचा आक्षेप बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. मात्र इकोव्हिलेज म्हणजे मोकळ्या रानातली नवी वसाहत, हे गृहीतक मी मान्य करणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९९३ पासून शहराच्या दाट वस्तीत, जुन्या अपार्टमेंट इमारतींमध्ये एक इकोव्हिलेज चालते, आणि मोटार न बाळगणाऱ्या रहिवाशाला तिथे भाड्यात सवलत मिळते. तिथे नवा पाया खणावा लागला नाही, की नवा रस्ताही काढावा लागला नाही. मोटारींनी व्यापलेल्या त्या शहरात हे घडू शकले, याला काही अर्थ आहे की नाही?

मोजपट्टी

अर्थ आहे, आणि तो माझ्या बाजूने आहे. भाड्यातली सवलत हा धोरणाचा भाग झाला. कोणताही घरमालक किंवा नगरपालिका उद्यापासून ती देऊ शकते, त्यासाठी आधी गावपण निर्माण करण्याची अट नाही.

कुंपण

देऊ शकते, परंतु देत नाही, कारण इमारत ज्याच्या मालकीची असते त्याला त्यात नफा नसतो. या चर्चेत मालकीचा प्रश्न कोणीच काढलेला नाही. घरे बाजारभावाने विकू दिली, तर वस्ती नावाजली की भाव चढतात आणि पुढची पिढी दाराबाहेर राहते. जमीन न्यासाच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावे ठेवली, तर सोडून जाणाऱ्याला बांधकामाच्या खर्चाहून फारसे मिळत नाही आणि बाहेर घर घेणे त्याला अशक्य होते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९६९ मध्ये सुमारे ५,७०० एकरांचा न्यास उभारला होता. दुष्काळाच्या वर्षांत सरकारी कर्ज देताना त्यांच्याशी भेदभाव झाला, आणि १९८५ मध्ये सगळी जमीन हातची गेली. म्हणजे सामायिक मालकीलाही बाहेरच्या पतपुरवठ्याचा आधार लागतोच.

पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९६८ मध्ये ५०,००० लोकांसाठी कल्पिलेल्या त्या नगरीत आज तीन हजारांहून थोडेच अधिक लोक राहतात. उजाड पठारावर त्यांनी जंगल उभे केले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये नियोजित रस्त्यासाठी त्यातली झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा रहिवाशांचाच मोठा गट आडवा आला. मालमत्ता मात्र १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानकडे आहे. झाडे लावणाऱ्याचा शब्द अखेरचा मानायचा, की मूळ नगररचनेचा? रानवाट, वाटून वापरण्याची सवय लागलेल्या लोकांकडे या प्रश्नाचे उत्तर असते का, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.