शास्त्राच्या अधिकारापुढे बुद्धीने गप्प बसावे का?

नौपाडावासी: आमच्या ठाण्यातील बायबल अभ्यासगटात यहोशवा या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातील, लढाईच्या वेळी सूर्य आकाशात थांबल्याच्या प्रसंगावर प्रश्न निघाला, तेव्हा एका ज्येष्ठांनी ‘शास्त्रापुढे बुद्धी चालवू नये’ असे सांगून विषयच मिटवला. मला हे मान्य नाही. नीतिसूत्रे ३:५ आपल्याच बुद्धीवर विसंबू नये असे बजावते हे खरे. पण प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुया नगरातील लोकांची वाखाणणी होते, ती प्रेषित पौलाचे बोलणे त्यांनी रोज तपासून पाहिले म्हणूनच.

सानपाडाकर: आपले उदाहरण आपल्यावरच उलटते. बिरुयाचे लोक शास्त्राच्या आधारे पौलाला तपासत होते, बुद्धीच्या आधारे शास्त्राला नव्हे. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर यानेही १५२१ मध्ये जर्मनीतील वर्म्सच्या सभेत, आपली मते मागे घेण्यास सांगितले गेले तेव्हा, शास्त्राबरोबर स्पष्ट युक्तिवादाचा दाखला मागितला, मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे असेच सांगितले. बुद्धीने वचन समजून घ्यावे. निवाडा करू नये.

नौपाडावासी: समजून घेणे आणि निवाडा करणे यांतली ही रेघ आखतो कोण? दासांनी धन्यांची आज्ञा पाळावी असे सांगणारे इफिसकरांस ६:५ दाखवून गुलामांचे मालक स्वतःला शास्त्राधीन म्हणवत, आणि गुलामगिरीचे ख्रिस्ती विरोधकही तसेच म्हणवत. दोन अर्थांतून एक निवडावाच लागला. शिवाय प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि कॅथलिक बायबलात ७३, हा भेद कोणत्या वचनाने सोडवणार?

खाडीपलीकडचा: म्हणूनच आम्ही कॅथलिक शास्त्राबरोबर परंपरा आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार मानतो. अर्थात पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला १६३३ मध्ये दोषी ठरवणारेही अधिकारीच होते, हे आमच्यातल्यांनी विसरू नये.

सानपाडाकर: निवड करावी लागते हे कबूल, पण बुद्धीच निर्दोष असती तर सर्व माणसे समान आहेत असे सांगणारा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने गुलाम बाळगले नसते. यहोशवाच्या प्रसंगाबाबत मी आपल्याइतका दूर नाही: तेथील मजकूर स्वतःच याशाराचा ग्रंथ या प्राचीन, आता हरवलेल्या काव्यसंग्रहाचा हवाला देतो, त्यामुळे त्या ओळी काव्य म्हणून वाचण्यास मला अडचण नाही. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. ज्या कसोटीने आपण सूर्य थांबणे नाकाराल, तीच येशूच्या पुनरुत्थानाला लावाल का? १ करिंथकरांस १५ मध्ये पौल पुनरुत्थित येशूला पाहिलेल्या पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख करतो आणि त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत असे लिहितो. तो भाग काव्य म्हणून वाचण्याची मुभा मजकूर कुठेच देत नाही.