मनिलात अडवलेले प्रवासी आणि ‘काळजीवाहू’ सरकारचं कौतुक

नाखवा
काल एका पोस्टीत वाचलं: “फिलिपाईन्सचं सरकार बघा, आपल्या माणसाला दलालाच्या तोंडी जाऊ देत नाही, विमानतळावरच अडवतं. आपल्याकडेही असंच हवं.” खाली बदामांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

2022 चे तिथले जाहीर आकडे घ्या. इमिग्रेशनने 32,404 फिलिपिनो प्रवाशांना ऑफलोड केलं, म्हणजे विमानात चढू न देता परत पाठवलं. त्यांतले मानवी तस्करीचे किंवा बेकायदा भरतीचे बळी किती? 472. खोटी माहिती किंवा खोटे कागद देणारे 873, अल्पवयीन असावेत असे 10. म्हणजे 1,355 जणांसाठी बाकीच्या 31 हजारांचं तिकीट, हॉटेल, रजा सगळं पाण्यात. भरपाई शून्य.

डिसेंबर 2022 मध्ये इस्रायलला निघालेल्या एका बाईकडे अधिकाऱ्याने कॉलेजचं इयरबुक मागितलं. त्या चौकशीपायी तिचं विमान गेलं. इयरबुक घेऊन कोण फिरायला जातं हो?

त्यांच्या 1987 च्या राज्यघटनेत (प्रकरण 3, कलम 6) स्पष्ट लिहिलंय की प्रवासाचा हक्क रोखायचा तर राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सार्वजनिक आरोग्य यांसाठीच, आणि तोही कायद्याने. “तुझं उत्तर मला पटलं नाही” यातल्या कशात बसतं?

मकातीकर
नाखवा, आकडा अर्धाच वाचलात. 472 हे ज्यांचं तिथल्या तिथे उघड झालं ते. उरलेले सगळे निष्पाप पर्यटक होते असं कुठे सिद्ध झालंय? आणि कायदा आहे. 2003 चा मानवी तस्करीविरोधी कायदा, क्रमांक 9208, त्यात 2012 च्या 10364 ने आणि 2022 च्या 11862 ने दुरुस्ती.

मुळात चालतं कसं ते सांगतो. पहिल्या काउंटरवर पासपोर्ट (सहा महिने मुदत शिल्लक), बोर्डिंग पास, परतीचं तिकीट, लागत असेल तर व्हिसा, आणि ई-ट्रॅव्हल या सरकारी ऑनलाइन फॉर्मचा क्यूआर. फॉर्म निघण्याआधीच्या 72 तासांत भरायचा. फुकट आहे, पैसे मागणारी साइट बोगस समजा. बहुतेकांचं मिनिटभरात आटोपतं. उत्तरं आणि कागद जुळत नसतील तरच दुसऱ्या चौकशीला पाठवतात.

जुळत नाही म्हणजे काय? पहिलाच परदेश प्रवास, तिकीट तिसऱ्याच्या कार्डावर, पगार आणि सहलीचा खर्च यांचा मेळ नाही, आणि “कुणाकडे उतरणार?” याचं उत्तर ‘फेसबुकवरचा मित्र’. म्यानमारच्या स्कॅम कंपाउंडात, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत, फिलिपिनो पोरं पोचली ती याच वाटेने. मनिला किंवा क्लार्कहून बँकॉक ‘पर्यटक’ म्हणून, तिथून गाडीने सीमेवरचं माए सोत, मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. थायलंड त्यांना व्हिसाविना, म्हणजे व्हिसाची चाळणीच नाही. मनिलाचं काउंटर ही शेवटची चाळणी.

शंकेखोर
चाळणी म्हणे! 2020 चं ‘पास्तिलास’ प्रकरण विसरलात? इमिग्रेशनचेच लोक चिनी जुगार कंपन्यांच्या माणसांना डोकी दहा हजार पेसोत आत सोडत होते, आणि अधिकाऱ्यांच्या वाट्याच्या नोटा पास्तिलास नावाच्या दुधाच्या मिठाईसारख्या कागदात गुंडाळून पोचवल्या जायच्या. त्याच खात्याने एखाद्या पोरीला बँकेचं स्टेटमेंट मागायचं.

आणि दलाल काय झोपलेत? ते उत्तरं पाठ करून घेतात, नोकरीचं पत्र, रजेचा अर्ज, हॉटेल बुकिंग सगळं बनवून देतात. अडकतो तो, ज्याला कुणी पढवलेलं नाही. विमानतळ जड जातो असं दिसलं की दक्षिणेकडच्या तावी-तावी बेटांवरून बोटीने मलेशियातलं साबा, तिथून पुढे. बोटीवर कोण इयरबुक मागतंय?

पर्णिका
तिकिटांच्या धंद्यातली माहिती देते, कारण इथे नुसतंच तापतंय.

एक, डमी तिकीट. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पैसे भरल्यावर तेरा आकडी तिकीट नंबर पडतो, तो नसेल तर मुदत संपली की बुकिंग आपोआप उडतं. अधिकाऱ्याने तपासलं आणि परतीचं बुकिंग हवेत विरलेलं निघालं, तर पुढचं एक उत्तरही खरं मानलं जात नाही. यात खरोखरचे पर्यटकही अडकतात, कारण ब्लॉगवाले बिनधास्त डमी सुचवतात.

दोन, नातेवाईक खर्च करणार असेल तर त्याचं ‘सपोर्ट अँड गॅरंटी’चं प्रतिज्ञापत्र. तो परदेशात असेल तर तिथल्या फिलिपाईन्स दूतावासातून केलेलं. शिवाय नातं दाखवणारे पीएसए या सरकारी नोंदणी खात्याचे जन्मदाखले. मावशी असेल तर आईचा आणि मावशीचा दोन्ही, तरच साखळी जुळते. लोक फक्त स्वतःचा नेतात आणि लटकतात.

तीन, परदेशी नवरा किंवा वाग्दत्त वर असेल आणि त्याच्याकडे कायमचं निघाली असेल तर सीएफओ या परदेशस्थ फिलिपिनोंसाठीच्या सरकारी आयोगाचं समुपदेशन प्रमाणपत्र. नोकरीवर जाणाऱ्याला ओईसी, म्हणजे परदेशी नोकरीचा सरकारी दाखला, मुदत 60 दिवस. ओईसी काढायचा टाळून ‘फिरायला’ म्हणून निघालेले सर्वांत जास्त सापडतात, कारण मोबाईलवरच्या चॅटमध्ये पगाराची बोलणी असतात.

आणि फुल-सर्व्हिस विमान कंपनीत पहिला टप्पा चुकला की परतीचा टप्पाही रद्द होतो. ऑफलोड झाल्यावर लगेच कंपनीच्या काउंटरवर तिकीट थांबवून घ्यावं, हे कुणी सांगत नाही.

देवगडकर
हे फिलिपिनो पुराण ठीक, पण आपल्याकडे काय रामराज्य आहे? ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या, पासपोर्टचं कुणी बोलणार का? दहावी पास नाही म्हणून कोकणातल्या वेल्डरला 18 देशांत नोकरीला जायला ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी (क्लिअरन्स). 1983 चा कायदा! ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी, दहा लाखांचा प्रवासी भारतीय बीमा, एजंटाची फी कायद्याने फार तर तीस हजार अधिक जीएसटी. तीस हजारांत काम करणारा एजंट दाखवा.

मग माणूस काय करतो? विझिट व्हिसावर दुबई. 1 ऑक्टोबर 2007 पासून नोकरी सोडून इतर कामाला क्लिअरन्स लागत नाही, व्हिसा आणि परतीचं तिकीट पुरतं. तिथे जाऊन व्हिसा बदलायचा. करार नोंदलेला नाही, विमा नाही. पगार थकला की दूतावासही हात वर करतो.

शंकेखोर
दहावी झाला असेल तर पासपोर्ट नव्याने काढून ईसीआर घालवता येतं की. प्राप्तिकर भरणाऱ्यालाही. त्यात रडायचं काय?

देवगडकर
दहावी *झाला* असेल तर! नापासाचं काय करायचं, पन्नाशी उलटायची वाट बघायची? आणि बायकांचं तर बघाच. ईसीआर पासपोर्टवर तिशीच्या आतली बाई नर्स नसेल तर तिला क्लिअरन्सच नाही. संरक्षण म्हणे. मग ती जाते विझिट व्हिसावर, कुणाच्याही भरवशावर.

मकातीकर
म्हणजे तुम्ही माझाच मुद्दा मांडताय! तुमची यंत्रणा कागदावर थांबली, काउंटरवर कुणी विचारलं नाही, म्हणून ती बाई फसली.

देवगडकर
अहो, काउंटरवर विचारतातच! ईसीआर पासपोर्ट आणि आखाताचा विझिट व्हिसा दिसला की हॉटेल, पैसे, परतीचं तिकीट सगळं विचारतात. तरीही जातात. विचारून दलाल मेला नाही, महाग झाला.

नाखवा
धागा आखातात नेऊन बुडवल्याबद्दल आभार. पण एक गंमत बघा. त्या 18 देशांत थायलंड आहे, मलेशिया आहे. म्यानमार, कंबोडिया, लाओस नाहीत. आणि म्यावाडीत अडकलेली आपली पोरं पदवीधर, ईसीएनआर, म्हणजे ही तपासणी न लागणारी. म्हणजे आपली चाळणी चुकीच्या माणसाला चुकीच्या देशासाठी लावलेली.

मकातीकर, 2016 पासून फिलिपाईन्स अमेरिकेच्या मानवी तस्करी अहवालात ‘टियर 1’, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत आहे. ही श्रेणी टिकवायची तर ‘इतके रोखले’ हा आकडा कामाचा. ‘इतके विनाकारण रोखले’ हा रकाना त्यात कुठे आहे?

मकातीकर
श्रेणीसाठी दलालांना शिक्षा झाल्याचेही आकडे द्यावे लागतात, नुसतं अडवून भागत नाही. पण घ्या, एक मुद्दा सोडतो. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने प्रवाशांनी दाखवायच्या कागदांची लांबलचक यादी जाहीर केली, 3 सप्टेंबरपासून लागू करणार होते, सिनेट तापलं आणि 31 ऑगस्टला स्थगिती. ती यादी ज्याने लिहिली त्याने सेबूचा कारकून हाँगकाँगला तीन दिवस कसा जातो हे पाहिलेलं नव्हतं. झालं समाधान?

नाखवा
साहेब, तुमचं इतकं औदार्य झेपत नाही. आता 31 हजारांच्या तिकिटांचंही बोला.

पर्णिका
तिकिटाचं अवघड आहे, पण ट्रॅव्हल टॅक्स परत मिळतो. इकॉनॉमीचे 1,620 पेसो. विमान कंपनीकडून ‘ऑफलोड झाला’ असं लेखी घ्यायचं, पासपोर्ट आणि पावती घेऊन टीएझाकडे, म्हणजे हा कर गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करायचा. पैसे भरल्यापासून दोन वर्षांच्या आत.

शंकेखोर
वा! विमान गेलं, हॉटेल गेलं, आणि न केलेल्या प्रवासाचा कर मिळवायला पुन्हा कागद गोळा करायचे. इयरबुक जोडायचं का सोबत?