प्रति: महाराष्ट्र समजून घ्यायला कोणती पुस्तकं?

वर बहुतेकांनी शिवकाळ आणि पेशवाईवरचीच पुस्तकं सुचवली आहेत. चांगलीच आहेत, पण महाराष्ट्र तेवढाच नाही ना!

माझं पहिलं मत रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'ला (१९८४). धनगर-गवळ्यांचा देव वैष्णव परंपरेत कसा सामावला, याचा माग ढेरे पंढरपुरापासून थेट आंध्र-कर्नाटकापर्यंत काढतात. पहिली शंभरेक पानं दमवतात, संदर्भांचा नुसता पाऊस! पण नेट धरा. त्यानंतर वारी तीच राहत नाही. हे आवडलं तर गुंथर सोन्थायमर यांचं खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबावरचं लेखनही शोधा. हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या ऐकत त्यांच्यात वावरला होता.

आणि आपापल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ) चाळाच. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, पुण्याचा १८८५ चा. बाजाराचे वार, पिकं, घाट, किल्ले, बंदरं, सगळं त्यात सापडतं. जातींबद्दलची वर्णनं मात्र साहेबाच्या चष्म्यातून आहेत, ती जपूनच वाचावीत. (आमच्या घरी आजोळचं गाव शोधायला म्हणून उघडलं आणि रात्रीचे दोन वाजले.)

विदर्भावर कुणी काही सुचवेल का?