स्कॉटलंड: बेन ब्रॅगीसाठी आईला बूट सुचवा (बजेट ४० पौंड)

चहाबाज: जूनमध्ये इन्व्हरनेसहून ट्रेनने गोल्स्पीला जातोय. आई ६३ वर्षांची, रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते. तिला बेन ब्रॅगी चढायचाय, उंची ३९७ मीटर. बूट सुचवा. कृपया बजेटमध्येच.

सह्यभटक्या: माझे १४० पौंडांचे. सहा वर्षं झाली, आत थेंब नाही. बुटात कंजुषी करू नये.

चहाबाज: दादा, ४०.

पावसाळी_बेडूक: ३९७ म्हणजे टेकडी हो! मी फ्लोटर्सवर गेलो होतो. एक अजून तिथल्याच चिखलात आहे.

उत्तरवारा: टेकडी म्हणून हसू नका. गोल्स्पी समुद्रकाठी, त्यामुळे ते ३९७ जवळजवळ सगळे पायांनीच मोजायचे. गावातून रेल्वेखालून जायचं, मग झाडीतला खडा चढ, वर उघडा माळ आणि हेदरची बुटकी झुडपं. झाडीत सायकलवाल्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यांवर चढू नका, ते सुसाट खाली येतात. जाऊन-येऊन तीन तास धरा. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात. माझी पडली.

सह्यभटक्या: म्हणूनच म्हटलं, चांगले घ्या.

कूळकथा: वरचा पुतळा कोणाचा, माहीत आहे का? सदरलंडचा पहिला ड्यूक. मेंढ्यांसाठी याच्या जमिनीवरून कुळं उठवली. मेल्यावर १८३७ मध्ये हा उभा केला. मी फोटोसुद्धा काढला नाही.

पावसाळी_बेडूक: चहाबाज बूट विचारतायत.

कूळकथा: बूट कुठेही मिळतात.

नऊवारी_ट्रेकर: चिलटांचं कोणी बोललं का? मिज म्हणतात. जूनमध्ये वारा पडला की झाडीत डोळ्यांत जातात. डोक्यावरची जाळी घ्या. पाऊस आला तर जॅकेटच, छत्री नको, वर वाऱ्याने उलटते.

सह्यभटक्या: मिजला माझ्या बुटांचा काही उपयोग नाही, हे मान्य.

उत्तरवारा: अर्धा नंबर मोठा. परत सांगतो.

चहाबाज: सगळ्यांचे आभार. आईला धागा वाचून दाखवला. नवे बूट नको म्हणाली, पर्वतीचेच घालणार. जाळी घेतली. आणि छत्रीही घेतेच आहे, तिला कोण अडवणार.

नऊवारी_ट्रेकर: उलटल्यावर फोटो टाका.